परीक्षेच्या भीतीतला ‘च’

दहावीच्या परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून वर्गात उभं राहिलं की पहिल्या दहा मिनिटांत खूप काही दिसतं. साडेदहाला मुलं वर्गात आलेली असतात. बाकाच्या कोपऱ्यात हॉलतिकीट, समोर पॅड, पायाशी पाण्याची बाटली. उत्तरपत्रिका मिळते, बैठक क्रमांक आकड्यांत आणि अक्षरांत लिहून होतो, बारकोडचं स्टिकर लागतं. अकराला प्रश्नपत्रिका हातात पडते आणि सगळी डोकी खाली जातात. त्यातलं एखादं डोकं थोड्याच वेळात पुन्हा वर येतं. पेन हातात, नजर समोरच्या भिंतीवर, लिहिणं बंद.

बीजगणिताच्या पेपरला अशीच एक मुलगी बसून होती. मी जवळ गेले तर पुटपुटली, “बाई, मला काहीच आठवत नाहीये.” पर्यवेक्षकाला उत्तर सांगता येत नाही आणि सांगूही नये. मी एवढंच म्हणाले, “पेन खाली ठेव, दोन घोट पाणी पी. मग जो येतो तो प्रश्न आधी घे. पहिल्यापासूनच सुरुवात करायला हवी असं काही नाही.” पाऊण तासाने तिने पुरवणी मागायला हात वर केला.

तिचा अभ्यास झालेला होता, आणि केलेलं कुठेही गेलं नव्हतं. मग अकरा वाजता ते सापडत का नव्हतं? हे कळलं तर त्या भीतीशी कसं वागायचं तेही बरंचसं कळतं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

धडधड वेगळी, विचार वेगळा

“मला परीक्षेची भीती वाटते” असं आपण म्हणतो तेव्हा त्या एका वाक्यात दोन निराळ्या गोष्टी असतात. एक शरीराची: छाती धडधडते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो, सारखं बाथरूमला जावंसं वाटतं. दुसरी डोक्यातली: ‘नापास झाले तर?’, ‘सगळ्यांना येतं, मलाच येत नाही’, ‘बाबांना काय सांगू?’ १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या दोन भागांची फोड केली, आणि नंतरच्या अनेक अभ्यासांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. गुण कमी होण्याशी डोक्यातल्या काळजीचं नातं जास्त घट्ट आहे, शरीराच्या धडधडीचं त्यापेक्षा बरंच सैल.

मुलांना हे समजलं की अर्धा भार तिथेच उतरतो, असा माझा अनुभव आहे. कारण बहुतेकांना धडधडीचीच भीती वाटत असते. ‘हात कापतायत, म्हणजे आता माझं काही खरं नाही.’ पण कबड्डीत चढाईला जाणाऱ्या खेळाडूची छातीही अशीच धडधडते. ढोल-ताशाच्या पथकात पहिला ठोका पडायच्या आधीही हेच होतं. शरीर कामाला लागण्याची तयारी करत असतं, बाकी काही नाही. २०१४ साली अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी केलेल्या प्रयोगांत ‘शांत हो’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मला जोश आलाय’ असं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. गाणं, भाषण आणि गणित, तिन्हींत. धडधड थांबवायचा हट्ट सोडला आणि तिला दुसरं नाव दिलं, एवढाच फरक.

तेव्हा धडधडीला असू द्या. खरी अडचण विचारांची आहे.

मनातली पाटी

४८ गुणिले ७ तोंडी करून पाहा. बहुतेकजण आधी चाळीस सत्ते दोनशे ऐंशी करतील, मग आठ सत्ते छप्पन्न, आणि दोन्ही मिळवून ३३६. छप्पन्न काढेपर्यंत ते दोनशे ऐंशी कुठे ठेवलं होतं? डोक्यात एक छोटी पाटी असते, तिच्यावर. मानसशास्त्रात हिला कार्यकारी स्मृती म्हणतात. ही पाटी फारच लहान. एका वेळी तीन-चार गोष्टी मावतात, पाचवी आली की आधीची एखादी पुसली जाते. वर्षभर पाठ केलेलं सगळं मोठ्या कपाटात नीट ठेवलेलं असतं, पण गणित सोडवायचं, निबंधाचे मुद्दे जुळवायचे, प्रश्नात नेमकं काय विचारलंय ते धरून ठेवायचं, हे सारं या पाटीवरच होतं.

आता तीच ४८ गुणिले ७ करताना शेजारी कुणीतरी सारखं ‘तुला जमणार नाही, तुला जमणार नाही’ म्हणत बसलं तर? नकारात्मक विचार अगदी हेच करतो. तो शब्दांचा बनलेला असतो आणि शब्दांना पाटीवर जागा लागते. ‘नापास झाले तर’ ने दोन घरं अडवली की समीकरणासाठी दोनच उरतात. मग सोपं उदाहरणही जड वाटतं. जड वाटलं की ‘बघ, येत नाहीये’ हा पुढचा विचार येतो आणि उरलेली जागाही घेतो.

यात आणखी एक भर पडते. ताणात शरीरात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं आणि ते कपाटाचं दार काही वेळ घट्ट करतं. १९९८ सालचा एक प्रयोग मला यासाठी महत्त्वाचा वाटतो. उंदीर पाण्यात दडलेला चौथरा शोधायला शिकले होते. शोधायला सोडण्याच्या अर्धा तास आधी त्यांना विजेचा झटका दिला तर त्यांना जागा आठवेना. दोन मिनिटं आधी किंवा चार तास आधी झटका दिलेल्यांना मात्र आठवली. म्हणजे शिकलेलं पुसलं गेलं नव्हतं, त्या ठरावीक वेळेपुरतं हाती लागत नव्हतं. उंदरांवरून माणसांचं सगळं ठरवता येत नाही हे खरं. पण पुढे माणसांवरच्या प्रयोगातही, शरीरात जाऊन कॉर्टिसोल होणारी गोळी तासभर आधी दिल्यावर आदल्या दिवशी पाठ केलेले शब्द आठवायला जड गेल्याचं दिसलं.

केंद्राच्या फाटकाशी जमणाऱ्या पालकांना माझं म्हणूनच कळकळीचं सांगणं आहे. साडेदहाच्या आसपास मुलांना काहीही विचारू नका. ‘तो धडा केलास ना?’ या प्रश्नाने त्या वेळी फायदा शून्य आणि नुकसान नक्की. डबा, पेन, रूमाल, ‘आम्ही इथेच आहोत’, एवढं पुरे.

माकड आठवायचं नाही

आपल्याकडे वैद्यबुवांची गोष्ट सांगतात. औषधाची पुडी देताना त्यांनी एकच पथ्य सांगितलं: औषध घेताना माकड आठवायचं नाही. बिचाऱ्या रोग्याला जन्मात कधी माकड आठवलं नव्हतं, त्या दिवसापासून दर वेळी आठवू लागलं.

डॅनियल वेग्नर यांनी १९८७ साली हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. माकडाऐवजी पांढरं अस्वल. पाच मिनिटं त्याचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर ‘आता खुशाल करा विचार’ म्हटल्यावर, सुरुवातीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षा या मंडळींच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं.

‘नकारात्मक विचार मनात आणू नकोस’ हा घरोघरी दिला जाणारा सल्ला त्यामुळेच चालत नाही. देणाऱ्याचं प्रेम खरं असतं, पण मुलाच्या माथी आणखी एक काम येतं. अभ्यास करायचा आणि शिवाय विचारांवर पहाराही ठेवायचा. पहारेकऱ्यालाही त्या पाटीवर जागा लागतेच.

विचार आला तर येऊ द्यावा. त्याला नाव द्यावं: ‘हा नापास होण्याचा विचार आला.’ ‘मी नापास होणार’ आणि ‘मी नापास होणार असा विचार माझ्या मनात आला’ ही दोन वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात निकाल लागलाय. दुसऱ्यात फक्त मनात काय चाललंय त्याची नोंद आहे.

आता तो ‘च’

या विचारांना इतका जोर येतो कुठून? मला सगळ्यात पटलेलं उत्तर अल्बर्ट एलिस यांचं आहे. न्यूयॉर्कच्या या मानसोपचारतज्ज्ञाने १९५०च्या दशकात मांडलेली पद्धत आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणून ओळखली जाते आणि महाराष्ट्रात अनेक समुपदेशक ती वापरतात. एलिस यांचं म्हणणं असं: माणसाला त्रास त्याच्या इच्छेमुळे होत नाही. त्या इच्छेचा हट्ट झाला की होतो.

मराठीत हे समजावणं किती सोपं आहे पाहा. ‘मला नव्वद टक्के मिळावेत.’ ही इच्छा, आणि चांगली इच्छा आहे. ती सकाळी लवकर उठवते, पुस्तक उघडायला लावते. आता म्हणा, ‘मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत.’ एक ‘च’ आला. तो आला की मागोमाग ‘नाही मिळाले तर?’ येतं. उत्तरही तयार असतं: ‘तर सगळं संपलं.’ त्यापुढे ‘मी कुचकामी.’ ही साखळी क्षणात पुरी होते, इतकी चटकन की आपल्याला फक्त शेवटची कडी ऐकू येते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ते उगीच नाही.

म्हणून डोक्यात घोळणारं वाक्य कागदावर लिहा आणि त्यातला ‘च’ शोधा. ‘पहिला प्रश्न आलाच पाहिजे.’ ‘ताईला पडले तेवढे तरी पडलेच पाहिजेत.’ ‘आईबाबांनी एवढा क्लासचा खर्च केलाय, त्यांना नाराज करूच शकत नाही.’ मग तो ‘च’ काढून वाक्य पुन्हा लिहा. ‘पहिला प्रश्न यावा असं मला वाटतं. नाही आला तर वाईट वाटेल, पाच मिनिटं जातील, आणि मी दुसरा घेईन.’ यात खोटा धीर नाही. वाईट वाटेल हे मान्य केलेलं आहे. फक्त वाईट वाटणं आणि सगळं संपणं यांत फरक ठेवला आहे.

भिंतीवर ‘मला ९५ टक्के मिळणारच!’ असं चिकटवून रोज वाचायला लावणारे पालक आणि क्लासवाले मी पाहिले आहेत. हेतू चांगला असतो, पण मला ते अजिबात पटत नाही. त्या वाक्यातही तोच ‘च’ बसलाय. आतून मूल म्हणतं, ‘आणि नाही मिळाले तर?’ मग पाटीवर दोन वाक्यांची झोंबाझोंबी सुरू होते. नकारात्मक विचाराला उत्तर म्हणून खरा, तपासलेला विचार हवा. गोड विचार पुरत नाही.

तपासायचं म्हणजे काय? ‘दहावीत विषय राहिला तर आयुष्य संपलं’ हेच घ्या. माहितीवर तासून बघा. उत्तीर्ण होण्यासाठी ३५ टक्के लागतात. विषय राहिलाच तर फेब्रुवारी-मार्चनंतर त्याच वर्षी जून-जुलैत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीच्या सवलतीत अकरावीला प्रवेश मिळू शकतो. पास होऊन गुण कमी वाटले तर श्रेणीसुधारासाठी पुन्हा बसता येतं. नापास होणं सुखाचं नाही. घरी बोलणं बसेल, नातेवाईक चौकशा करतील, चार महिने जड जातील. पण ‘जड जाईल’ आणि ‘संपलं’ हे दोन वेगळे शब्द आहेत. मुलांना ही माहिती परीक्षेच्या आधी सांगायला हवी. ‘पुरवणी परीक्षा असते हे कळलं तर पोरं अभ्यास सोडतील’ असं म्हणणारे शिक्षक भेटतात. मला तसं दिसलेलं नाही. उलट दार उघडं आहे हे माहीत असलेलं मूल निवांतपणे लिहितं.

काळजी खरी असेल तर

प्रत्येक काळजी खोटी नसते, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. ‘माझा भूमितीचा अभ्यास झालेला नाही’ हा विचार नकारात्मक वाटतो, पण तो खरा असू शकतो. त्यावर श्वासाचे व्यायाम कामाचे नाहीत, भूमिती करावी लागते.

आणि पुष्कळ मुलांचा अभ्यास होऊनही झालेला नसतो, कारण तो वाचण्यात गेलेला असतो. धडा चार वेळा वाचला की ओळखीचा वाटतो आणि आपल्याला येतोय असं वाटतं. पुस्तक मिटल्यावर मात्र पुढचं पाठ, मागचं सपाट. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांचे गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून उरलेल्या वेळात न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि न बघता लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. भीतीवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. जे कपाटातून वीस वेळा काढून पाहिलंय ते एकविसाव्या वेळी, हात कापत असतानाही, सापडण्याची शक्यता जास्त. जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, टेबलावर बसून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून सोडवली की अभ्यास आणि भीतीची सवय दोन्ही एकदम होतं.

वर्गात, अकरा वाजता

काळजी बहुतेक वेळा ‘तर?’ वर येऊन थांबते. ‘पहिलाच प्रश्न आला नाही तर?’ तिथे ती थांबते म्हणून छळते. ते वाक्य पुरं करा. ‘पहिला प्रश्न आला नाही, तर मी त्याच्यावर खूण करीन आणि येणारा प्रश्न घेईन.’ ‘डोकं रिकामं झालं, तर पेन खाली ठेवून सहा श्वास मोजीन.’ ‘शेजारच्याने पुरवणी घेतली, तर माझ्या कागदाकडे बघीन.’ पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी अशा जर-तर योजनांवर पुष्कळ काम केलंय. त्यांचा फायदा असा की नेमक्या क्षणी ठरवत बसावं लागत नाही, कारण ठरवायलाही पाटीवर जागा लागते. आपल्या स्वतःच्या तीन भीती घ्या आणि तीन वाक्यं आदल्या आठवड्यात लिहून पाठ करा.

श्वासाचं थोडक्यात सांगते, कारण त्याचं फार अवडंबर होतं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ही शरीराची मूळचीच रचना आहे. म्हणून सोडायचा श्वास घ्यायच्या श्वासापेक्षा लांब ठेवायचा. चार आकडे मोजत घ्या, सहा मोजत सोडा. असे सहा श्वास म्हणजे एक मिनिट. २०२३पासून मंडळाने पेपर संपताना दहा मिनिटं वाढवून दिली आहेत, त्यातलं एक यासाठी खर्च करायला हरकत नाही. मात्र हे घरी दोन आठवडे करून पाहिलेलं असावं. तिथेच पहिल्यांदा करायला गेलात तर ‘बरोबर करतेय ना?’ ही नवी काळजी लागायची.

पाटीवरचा भार कमी करायचा आणखी एक साधा मार्ग म्हणजे तो कागदावर उतरवणं. लिहायला परवानगी मिळाली की जी सूत्रं किंवा सनावळ्या निसटतील असं वाटतं त्या उत्तरपत्रिकेत कच्च्या कामासाठी असलेल्या जागेत लिहून मोकळं व्हा. प्रश्नपत्रिकेवर मात्र काही लिहू नका. काळज्यासुद्धा घरून निघायच्या आधी अशाच लिहून काढता येतात. रामिरेझ आणि बायलॉक यांच्या २०११च्या अभ्यासात परीक्षेआधी दहा मिनिटं मनातली भीती लिहून काढलेल्या घाबरट मुलांचे गुण वाढले होते. पुढे इतरांनी तसाच प्रयोग केला तेव्हा तितका परिणाम दिसला नाही. त्यामुळे मी हमी देत नाही. करून बघा, मोकळं वाटलं तर ठेवा, नाहीतर सोडून द्या.

पेपर सुटल्यावर घोळक्यात उभं राहून उत्तरं ताडून पाहू नका. झालेल्या पेपरचा एकही गुण त्याने वाढत नाही आणि परवाच्या पेपरच्या अभ्यासात मात्र ‘तिसऱ्याचं उत्तर चुकलं’ हे घुमत राहतं. पालकांनी ‘कसा गेला?’ ऐवजी ‘जेवायला काय करू?’ विचारावं. मूल सांगायचं ते आपणहून सांगेल. आणि त्या रात्री झोप हवी. दिवसभर वाचलेलं पक्कं बसण्याचं बरंचसं काम झोपेतच चालतं, त्यामुळे दोनपर्यंत जागून मिळवलेले दोन तास दुसऱ्या दिवशी दुपटीने गमवावे लागतात.

एवढ्याने भागत नसेल तर

काही मुलांची भीती याच्या पलीकडे गेलेली असते. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण तुटलंय, पेपरच्या दिवशी उलट्या होतात, परीक्षेला जायलाच नकार, खोलीचं दार बंद. किंवा ‘मी नसतेच तर बरं झालं असतं’ असं कधी चेष्टेच्या सुरात निघालेलं वाक्य. अशा वेळी हा लेख पुरणार नाही. समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायला हवा, आणि परीक्षा संपायची वाट बघायची नाही.

मनात जिवाचं काही बरंवाईट करण्याचा विचार येतो का, हे मुलाला सरळ, शांतपणे विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात पेरला जात नाही. उलट इतके दिवस एकट्याने धरून ठेवलेलं बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, मुलाला एकटं सोडू नका. टेलिमानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे. नंबर १४४१६, फोन मोफत, दिवसरात्र कधीही, मराठीतही बोलता येतं. मूल स्वतः लावू शकतं, आईवडील लावू शकतात, आणि मैत्रिणीची काळजी वाटत असलेली वर्गातली दुसरी मुलगीही लावू शकते.